मोफत फॉन्ट उतरवून घेण्याचा सल्ला दुरुस्त व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःची वेबसाइट स्वतः कशी तयार करावी, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. डोमेन, होस्टिंग, मांडणी यांची माहिती लेखकानं सोप्या भाषेत दिली आहे. सर्च करून सापडलेले फोटो उचलून लावू नका, ते कुणाच्या तरी मालकीचे असतात, असंही त्यांनी बजावलं आहे. पण लगेच पुढच्या परिच्छेदात, आवडेल तो फॉन्ट इंटरनेटवरून मोफत उतरवून घ्या आणि सर्व्हरवर चढवा, असा सल्ला आहे. तो वाचून मी हे पत्र लिहायला बसले.

गेली १४ वर्षं मी वेबसाइट तयार करण्याचं काम करते. फोटो घेताना आपण चार वेळा विचार करतो, अक्षरं घेताना एकदाही करत नाही, हे मी सतत पाहत आले आहे. आणि एकदा ते माझ्या स्वतःच्या अंगाशी आलेलं आहे.

आमचे एक क्लायंट प्रकाशक आहेत. संस्था लहान, पण पुस्तकाच्या कागदापासून शिलाईपर्यंत सगळ्यात काटेकोर. त्यांच्या लोगोसाठी मी एक देवनागरी फॉन्ट रीतसर विकत घेतला. बिल माझ्या नावावर, लायसन्स डेस्कटॉपचं. म्हणजे ठरावीक कॉम्प्युटरवर फॉन्ट बसवायचा, त्यात काम करायचं, छापायचं, लोगो चित्र म्हणून वापरायचा. लोगो पसंत पडला. साइटचं डिझाइन दाखवताना मी मथळेही त्याच फॉन्टमध्ये लावले होते. ते त्यांना इतके आवडले की साइटभर हीच अक्षरं हवीत, असं ठरलं. साइट चालू करायला चार दिवस उरले होते. माझ्या सहकाऱ्यानं मूळ फॉन्ट एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकला, लाइट, रेग्युलर, मीडियम, बोल्ड अशा चारही वॉफ-टू, म्हणजे वेबवर वापरायच्या फॉन्टफाइली काढल्या आणि सर्व्हरवर ठेवून दिल्या. तो कामाला नवा होता. लायसन्स काय म्हणतं, हे विचारणं माझं काम होतं. मी पान पाहिलं, छान दिसतंय म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले.

अडीच वर्षांनी प्रकाशकांनी एक ईमेल मला पुढे पाठवली. वर त्यांची एकच ओळ होती, ‘ताई, हे काय आहे?’ खाली फॉन्ट कंपनीचं पत्र होतं. भाषा अगदी शांत. साइटचा पत्ता, आमच्या सीएसएसमधली (पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या फाइलीतली) फॉन्ट बोलावणारी नेमकी ओळ, चारही फाइलींची नावं, तारखेसह स्क्रीनशॉट आणि शेवटी एक विनंती: या वापरासाठी घेतलेल्या वेब लायसन्सचा क्रमांक कळवावा.

क्रमांक नव्हताच, कारण ते लायसन्स आम्ही घेतलंच नव्हतं.

माझ्या सहकाऱ्यानं फाइलींची नावं बदलून ‘हेडिंग-बोल्ड’ वगैरे ठेवली होती, मग यांना कळलं कसं, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न. म्हणून मी आमचीच फाइल उघडून बघितली. प्रत्येक फॉन्टच्या पोटात ‘नेम’ नावाचा एक तक्ता असतो. त्यात शून्य क्रमांकाच्या नोंदीत कॉपीराइटची ओळ, १३ क्रमांकाच्या नोंदीत लायसन्सचा मजकूर आणि १४ क्रमांकाच्या नोंदीत लायसन्सच्या पानाचा पत्ता ठेवायची सोय असते. आमच्या फाइलीत हे सगळं जसंच्या तसं होतं. फाइलीचं बाहेरचं नाव तेवढं आम्ही बदललं होतं, आत फॉन्टचं आणि कंपनीचं नाव तसंच होतं. आणि १३व्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं की ही फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायची नाही आणि वेबसाठी वेगळं लायसन्स घ्यायचं. अडीच वर्षं ही ओळ आमच्याच सर्व्हरवर होती, आणि साइट उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये उतरत होती. वेबफॉन्ट लपून राहत नाही. ब्राउझरमध्ये नेटवर्कचा टॅब उघडला की कोणती फॉन्टफाइल कुठून आली, हे कुणालाही दिसतं.

प्रकाशकांना फोन केला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, ‘ताई, आमच्या प्रत्येक पुस्तकात आम्ही सर्व हक्क राखीव असं छापतो. आमच्या पुस्तकाची पीडीएफ कुणी फिरवली की आम्हाला काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. मग आपल्याच साइटवर हे कसं झालं?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच संध्याकाळी फाइली काढल्या, कंपनीला चूक मान्य करणारं पत्र लिहिलं, मागच्या काळाचे आणि पुढच्या वेब लायसन्सचे पैसे मी भरले. या वेळी लायसन्स प्रकाशकांच्या नावावर घेतलं.

हे मोठमोठ्या संस्थांच्या हातूनही झालेलं आहे. इंटरनेटवरचा कॉपीराइटभंग रोखण्यासाठी फ्रान्समध्ये ‘हादोपी’ नावाची सरकारी संस्था स्थापन झाली. जानेवारी २०१० मध्ये तिचा लोगो जाहीर झाला, तेव्हा त्यातली अक्षरं जाँ फ्रांस्वा पोर्शे या अक्षरकारानं फ्रान्स टेलिकॉमसाठी खास केलेल्या फॉन्टमधली असल्याचं लक्षात आलं. तो फॉन्ट बाहेर कुणाला वापरायला दिलेलाच नव्हता. लोगो नव्या अक्षरांत पुन्हा करावा लागला.

फॉन्ट विकत घेतला असं आपण म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. आपण फाइल विकत घेत नाही, ती अमुक एका कामासाठी वापरायची परवानगी घेतो. डेस्कटॉप लायसन्स किती कॉम्प्युटरवर यावर ठरतं. वेब लायसन्स बहुतेक ठिकाणी महिन्याला साइटची किती पानं उघडली जातात यावर किंवा किती डोमेनवर यावर ठरतं. मोबाइल ॲपमध्ये फॉन्ट घालायचा असेल तर ते वेगळं, ई-पुस्तकात घालायचा तर वेगळं. आमच्या बाबतीत तर फॉरमॅट बदलण्यावरच बंदी होती. म्हणजे कन्व्हर्टरचं बटण दाबलं, तिथेच लायसन्स मोडलं होतं, साइट चालू होणं ही पुढची गोष्ट. साइट वाढली, वाचक वाढले की पानांची मर्यादाही ओलांडली जाते, आणि डिझायनरचं काम तोवर संपलेलं असतं. क्लायंटला हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे इतकं गुंतागुंतीचं का झालं, यालाही कारण आहे. १९९८ च्या सीएसएस-२ मध्येच पानाबरोबर फॉन्ट पाठवायची सोय होती, पण साधी फॉन्टफाइल सर्व्हरवर ठेवली की कुणीही ती उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर बसवू शकतो, म्हणून फॉन्ट तयार करणारे परवानगीच देत नसत. त्यामुळे कित्येक वर्षं सगळ्या साइट व्हर्डाना, जॉर्जिया, एरियल अशा मोजक्या फॉन्टवर चालल्या. २००९ मध्ये वॉफ हे फॉरमॅट पुढे आलं, २०१२ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनं त्याला मान्यता दिली. वॉफला कुलूप नाही. पण ती वेबसाठीचीच फाइल आहे हे उघड दिसतं, आणि तिच्यात लायसन्सचा मजकूर ठेवायला वेगळी जागा आहे. वापरणारा ती वाचेल, या विश्वासावर फॉन्टकर्ते वेबवर यायला तयार झाले.

आता ‘मोफत’ या शब्दाकडे येते, कारण लेखातली खरी अडचण तिथे आहे. मोफत फॉन्टच्या साइटवर एकाच पानावर तीन तऱ्हेचे फॉन्ट शेजारी शेजारी असतात. एक, फक्त खाजगी वापरासाठी मोफत: घरगुती पत्रिका करा, पण धंद्याच्या साइटवर लावलात तर पैसे द्या. हे वाक्य झिप फाइलमधल्या एका छोट्या टेक्स्ट फाइलीत असतं आणि ती फाइल कुणी उघडत नाही. दुसरे, विकत मिळणारे फॉन्ट कुणीतरी परस्पर चढवलेले. तिसरे खरोखर खुले. डाउनलोडचं बटण मात्र तिघांनाही एकाच रंगाचं.

खुले फॉन्ट वापरायचे तर सगळ्यात रुळलेलं लायसन्स म्हणजे एसआयएल या संस्थेचं ओपन फॉन्ट लायसन्स, थोडक्यात ओएफएल. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ची. मुक्ता, बालू, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, लोहित, शोभिका हे देवनागरी फॉन्ट याच लायसन्सखाली मिळतात. धंद्याच्या साइटवर लावा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, फॉरमॅट बदला, सगळ्याला परवानगी आहे. तरी यालाही अटी आहेत, आणि त्या पाळणं अजिबात अवघड नाही. फॉन्ट नुसता फॉन्ट म्हणून विकायचा नाही. फाइली कुणाला दिल्या तर कॉपीराइटची ओळ आणि लायसन्स बरोबर द्यायचं. फॉन्टमध्ये बदल करून तो पुढे दिला तर तोही ओएफएलखालीच द्यायचा, आणि मूळ कर्त्यानं फॉन्टचं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचं नाही.

ही शेवटची अट मला पूर्वी आढ्यतेची वाटायची. ती का आहे, हे त्याच संध्याकाळी कळलं. प्रकाशकांच्या साइटवरून जुना फॉन्ट काढल्यावर आम्ही घाईनं एक खुला फॉन्ट लावला. फाइल जड होती म्हणून सहकाऱ्यानं लागतील तेवढीच अक्षरं ठेवून तिचा सबसेट काढला. त्या टूलच्या सेटिंगमध्ये जोडाक्षरं जुळवणारा तक्ताच गळाला. पान उघडलं तर वर मोठ्या अक्षरात ‘पुस्‌तक’. स चा पाय मोडलेला, त पासून सुटा. खाली ‘दुसऱ्या आवृत्तीची’ या शब्दांतलं ऱ्या तर भलत्याच फॉन्टमधून आलेलं, जाडजूड आणि शिरोरेषेच्या वर चढलेलं. पाच-सात मिनिटांत आम्ही ते दुरुस्त केलं. पण तेवढ्या वेळात कुणी ते पान पाहिलं असतं, तर हा फॉन्ट तयार करणाऱ्याला ‘पुस्तक’ लिहिता येत नाही, असंच त्याला वाटलं असतं. आम्ही मोडलेली अक्षरं त्याच्या नावावर खपली असती.

आणि ही अक्षरं जमवायला काय लागतं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय, ते फॉन्टला फुकटची वस्तू म्हणणार नाहीत. ऱ्हस्व वेलांटीचंच घ्या. ‘मिनिट’ मधली मि आणि ‘स्थिती’ मधली स्थि यांच्यावरची वेलांटी एकाच मापाची चालत नाही. अक्षर रुंद झालं की तिची कमान लांबवावी लागते, म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एका वेलांटीची कितीतरी रूपं काढलेली असतात. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले तर कुणी कुठे सरकायचं, द्ध, द्व, ह्म, ष्ट्र यांना कसं जुळवायचं, उकार जोडाक्षराच्या खाली किती उतरवायचा, मराठी वळणाचा ल आणि श वेगळे कसे पुरवायचे, हे सगळं एकेक करून ठरवावं लागतं. अशी शेकडो रूपं काढायची आणि पुन्हा ती प्रत्येक जाडीत काढायची. मी एका अक्षरकार मैत्रिणीला ‘क्ष’ ची पोटातली गाठ नीट करताना पाहिलं आहे. बोल्डमध्ये ती गाठ शाईनं भरल्यासारखी दिसत होती. दुपार गेली, तरी तिचं समाधान झालं नव्हतं. तिचे फॉन्ट मला दोन ‘मोफत’ साइटवर दिसले, तेव्हा मी तिला कळवलं. ती गप्प झाली आणि मग एवढंच म्हणाली, ‘त्यात अजून जुनीच क्ष आहे गं.’

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या फॉन्टबद्दलही हाच गैरसमज आहे. विंडोजमधला मंगल, जो प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, तो लाखो जणांच्या कॉम्प्युटरवर आहे. म्हणून तो सर्वांचा झाला असं समजून त्याची फाइल सर्व्हरवर चढवलेल्या साइट मी पाहिल्या आहेत. सीएसएसमध्ये मंगलचं नाव लिहायला काही हरकत नाही. वाचणाऱ्याच्या मशीनवर तो असेल, तर त्याच्याच प्रतीतून पान दिसेल. पण फाइल उचलून चढवली म्हणजे आपण ती वाटू लागलो, आणि विंडोजच्या लायसन्समध्ये ती परवानगी नाही. नाव लिहिणं आणि फाइल चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं जरी नवशिक्यांना सांगितलं तरी निम्म्या चुका टळतील.

वर्गणी भरून मिळणाऱ्या फॉन्टचं आणखी वेगळं. अडोबी फॉन्ट्सवरचा फॉन्ट वेबसाइटवर त्यांच्याच सर्व्हरवरून यावा लागतो, उतरवून आपल्याकडे ठेवता येत नाही. वर्गणी डिझायनरच्या नावावर असली आणि ती थांबली, तर क्लायंटच्या साइटवरची अक्षरं एके दिवशी बदलतात आणि का बदलली ते त्याला कळत नाही. म्हणून वर्गणी क्लायंटची असावी.

‘अक्षरांच्या वळणावर कॉपीराइट नसतो’ असं सांगणारे डिझायनरही भेटतात. हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेत १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या निकालात अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट नाकारला गेला. पण तिथेच १९९८ मध्ये अडोबीच्या खटल्यात न्यायालयानं फॉन्टफाइल हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणून संरक्षित धरला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात टाइपफेससाठी स्वतंत्र कलमं आहेत, जर्मनीत १९८१ मध्ये त्यावर वेगळा कायदा झाला. वेबसाइट सगळ्या देशांत उघडते. आणि कायदा काहीही म्हणो, लायसन्स मान्य करून ‘पुढे’ दाबलं की तो करार झाला.

खुला फॉन्ट घेतला तरी तो कुठून येतो, हेही बघावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. गुगल फॉन्ट्सची लिंक थेट लावल्यामुळे साइट उघडणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) त्याच्या संमतीशिवाय गुगलकडे जात होता, म्हणून. लायसन्समध्ये काहीच खोट नव्हती. ओएफएलचे फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, त्यामुळे मी आता ते तसेच ठेवते.

त्या ईमेलनंतर आमच्या कोटेशनमध्ये फॉन्टची वेगळी ओळ असते: कोणता फॉन्ट, कोणतं लायसन्स, महिन्याला किती पानांपर्यंत, कुणाच्या नावावर. पूर्वी हा खर्च आम्ही ‘डिझाइन’ मध्ये दडवायचो. वेगळा दिसला की क्लायंट विचारतात, अक्षरांचे कसले पैसे? मग मी त्यांना ‘क्ष’ बद्दल सांगते. काहीजण तरीही नको म्हणतात, त्यांना मी ओएफएलमधला चांगला फॉन्ट शोधून देते, आणि त्यात त्यांचं काही कमी होत नाही. साइट सोपवताना ‘फॉन्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये लायसन्सची प्रत आणि बिल ठेवते, म्हणजे उद्या साइट दुसऱ्या डिझायनरकडे गेली तरी त्याला अंदाजानं काम करावं लागू नये. लायसन्स माझ्या नावावर असतं, तर बऱ्याच कंपन्यांच्या नियमानुसार ते माझ्याबरोबरच राहिलं असतं आणि क्लायंट पुन्हा उघड्यावर पडला असता.

आपल्याकडचा लेख वाचून अनेक विद्यार्थी, छोटे व्यावसायिक पहिली वेबसाइट करतील. त्यांच्यातल्या कुणालाही ‘हे काय आहे?’ अशी ईमेल येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीतलं ते एक वाक्य बदलून, फॉन्ट घेण्याआधी त्याचं लायसन्स वाचा आणि वेबवर वापरायची परवानगी असेल तरच सर्व्हरवर चढवा, असं करावं. छापील अंकात दुरुस्तीला जागा मिळाली तर उत्तमच.

ता. क. सध्या त्या प्रकाशकांच्या साइटवर पुन्हा तोच फॉन्ट आहे, वेब लायसन्ससह. ‘पुस्तक’ मधला स जोडलेला आहे.

आपली,
एक वाचक, वेब डिझायनर